डायनॅमो टेबलावर पास, गाडीत नापास

सडाफटिंग | ७ जुलै, रात्री १०:५२

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय. लांबण आहे, चहा घेऊन बसा.

गाडी २००४ ची टेम्पो ट्रॅव्हलर. साधं, मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन. दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या बसवाल्याकडून घेतली, सीटा काढल्या, सुताराकडून पलंग, ओटा, कपाटं करून घेतली. पलंगाखाली १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आहे, घरच्या इन्व्हर्टरचीच. तिच्यावर बारा व्होल्टचा छोटा फ्रीज, दोन पंखे आणि दिवे. पुढची गाडीची बॅटरी आणि ही मागची एका मोठ्या रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, जोडल्यात. चावी फिरवली की रिले ओढतो आणि गाडी चालताना मागचीही चार्ज होते. निदान कागदावर तरी तसं होतं.

जूनमध्ये ताम्हिणी उतरून माणगाव, आंबेत, मंडणगड असं दापोलीला निघालो. पाऊस मी म्हणत होता. आंबेतच्या पुढे हेडलाईट पिवळे पडायला लागले. वायपर एक फेरी मारून मधेच विचार करायचे. फ्रीज आपोआप बंद. कसेबसे हर्णैला पोचलो आणि सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक. पुन्हा टक. चार कोळी बांधवांनी ढकलली तेव्हा चालू झाली.

मग पुण्यात येऊन केलेले उद्योग:

बॅटरी दीड वर्षाची होती, तरी बदलली. साडेसात हजार. तीन दिवस गाडी राणीसारखी चालू झाली, चौथ्या दिवशी टक.

पहिल्या इलेक्ट्रिशियनने डायनॅमो (म्हणजे अल्टरनेटरच, बेल्टवर फिरून वीज बनवणारा, सगळे डायनॅमोच म्हणतात) उतरवला, त्यातले कार्बनचे ब्रश आणि व्होल्टेज ताब्यात ठेवणारा कटआऊट बदलला. दुसऱ्याने पुन्हा उतरवून टेबलावर फिरवला, "साहेब, १४.२ देतोय, एक नंबर आहे" म्हणाला आणि तीनशे रुपये घेतले. तिसरा म्हणाला आर्मेचर गेलंय, नवीनच टाका.

आता नवीन अल्टरनेटर घ्यायचा की नाही? पुढच्या शनिवारी पुन्हा हर्णैला जायचंय, सासूबाई सोबत आहेत. ढकलायला लावता येणार नाही.

दहाअकरापाना | ७ जुलै, रात्री ११:१५

शेवटचं वाक्य वाचून चहा नाकातून आला.

बेल्ट बघितलात का? सगळ्यात स्वस्त संशयित तोच. मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण एक सेंटिमीटर आत गेला तर ठीक. व्ही-बेल्ट असेल तर त्याच्या बाजू बघा, काचेसारख्या चकाकत असतील तर तो पुलीत घसरतोय. पावसात तर नक्कीच घसरतो. इंजिन बंद करून लगेच डायनॅमोच्या पुलीजवळ हात न्या, लावू नका. आच लागली तर बेल्टच आहे.

डिझेलआजोबा | ८ जुलै, सकाळी ६:०५

चाळीस वर्षं गाड्या चालवल्या. साधी परीक्षा सांगतो. गाडी चालू करा आणि बॅटरीचा निगेटिव्ह काढा. चालू राहिली तर डायनॅमो चांगला, बंद पडली तर गेला. तीनशे रुपये वाचले.

मीटरवाली | ८ जुलै, सकाळी ८:२०

आजोबा, नमस्कार करून सांगते, हे करू नका आणि करायला सांगूही नका. जुन्या काळच्या खऱ्या डायनॅमोला ते चालून जायचं. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी एकदम तोडली की त्याचा व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटींनी उसळतो. त्या क्षणात डायोड, कटआऊट आणि गाडीत असेल नसेल ते इलेक्ट्रॉनिक जातं. सडाफटिंग यांच्या फ्रीजचा बोर्ड पहिला जाईल.

आणि गंमत म्हणजे या गाडीत त्या परीक्षेतून काही कळणारही नाही. मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन एकदा चालू झालं की त्याला वीज लागतच नाही. डायनॅमो काढून घरी ठेवला तरी ते चालत राहील. पेट्रोलला स्पार्क लागतो, म्हणून तिथे निदान काहीतरी अर्थ होता.

सडाफटिंग, तुम्ही एवढं सगळं बदललंत, पण मोजलं किती ठिकाणी? तुमच्या पोस्टमध्ये एकच आकडा आहे, १४.२, आणि तोही गाडीबाहेरचा. पाचशे रुपयांचा मल्टिमीटर आणा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर तीन वेळा मोजा. रात्रभर उभी राहिल्यावर, चालू करून रेस न देता, आणि रेस देऊन. पूर्ण भरलेली बॅटरी सकाळी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. चार्जिंगला १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवं.

आणि महत्त्वाचं: चावी फिरवली, इंजिन बंद आहे, तेव्हा डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये बॅटरीचा लाल दिवा लागतो का?

सडाफटिंग | ८ जुलै, रात्री ९:४०

मल्टिमीटर आणला. आधी बेल्ट: ठीक आहे, चकाकी नाही, पुलीही गार.

सकाळी उभ्या गाडीत १२.१. चालू करून रेस न देता १२.१, ढिम्म हलत नाही. जोरात रेस दिली की एकदम उडी मारून १३.४, मग रेस सोडली तरी १३.३ च्या आसपास राहतो. हेडलाईट, वायपर, पंखे लावले आणि मागच्या बॅटरीचा रिले जोडला की १२.५. कितीही रेस द्या, १२.५ च्या वर नाही.

लाल दिव्याचं म्हणाल तर... लागतो बहुतेक. दिवसा दिसत नाही. आत्ता बघून आलो, अगदी मंद लागतो.

दहाअकरापाना | ८ जुलै, रात्री ९:५५

मंद? पिवळा बल्ब मंद लागत नसतो राव. बल्ब कुठला आहे?

सडाफटिंग | ८ जुलै, रात्री १०:१०

अरे हो. गेल्या दिवाळीत मीटरचे सगळे बल्ब काढून एलईडी टाकले. रात्री काटे दिसत नव्हते म्हणून. त्याचा चार्जिंगशी काय संबंध?

फ्रँकफुर्टकर | ९ जुलै, पहाटे १:३०

संबंध आहे आणि जबर आहे. मी हे भोगलंय, १९८८ च्या फोक्सवॅगन टी-थ्री व्हॅनवर. आमच्याकडे या गाड्यांच्या मालकांत निळी वायर म्हटली की लोक गंभीर होतात. अल्टरनेटरच्या पाठीला दोन मुख्य जोड असतात. एक जाड, बी प्लस, तिथून बॅटरीला करंट जातो. दुसरी बारीक वायर, हीच ती निळी, कुठे डी प्लस लिहिलेलं असतं, कुठे नुसतं एल. तुमच्या मीटरवरच्या लाल दिव्याची ती वायर.

अल्टरनेटरच्या आत कायमचं लोहचुंबक नसतं. रोटरच्या गुंडाळीत थोडा करंट सोडला की तो चुंबक होतो, मग वीज तयार होते. सुरुवातीचा तो करंट त्या लाल दिव्याच्या बल्बमधूनच जातो. तीन वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर पाव अँपिअर देतो. एलईडी जेमतेम वीस मिलिअँपिअर. म्हणजे चूल पेटवायला काडीऐवजी काजवा धरल्यासारखं. रोटरच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, म्हणून जोरात रेस दिली की तो कसाबसा स्वतःच पेटतो, आणि एकदा पेटला की मग चालतो. तुमची ती "एकदम उडी" तीच.

टी-थ्रीच्या मीटरमध्ये हा दिवा मुळातच एलईडी असतो, म्हणून कारखान्यातूनच त्याच्या जोडीला रेझिस्टर दिलेला आहे. माझा रेझिस्टर सुटला होता. तीन महिने मी अल्टरनेटरला शिव्या दिल्या.

उपाय: मूळचा तीन वॅटचा बल्ब परत बसवा. एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर ४७ ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर जोडा. तो गरम होतो, प्लास्टिकला टेकू देऊ नका.

हर्णैचा | ९ जुलै, सकाळी ७:४५

ते चार कोळी बांधव कोण होते ते मला माहीत आहे, मी त्यातला पाचवा, लांब उभा राहून सूचना देणारा. गाडी जड आहे तुमची. पुढच्या वेळी आधी सांगून या, भरती-ओहोटी बघून ढकलू.

लिथियमप्रेमी | ९ जुलै, सकाळी ११:००

अहो, ट्युब्युलर बॅटरीचं युग संपलं. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट टाका, वजन निम्म्याहून कमी, आणि विषय संपवा.

मीटरवाली | ९ जुलै, दुपारी १:१५

फ्रँकफुर्टकर, शंभर टक्के पटलं, पण त्याने अर्धंच कोडं सुटतं. एकदा पेटल्यावर अल्टरनेटरने भार घेतला पाहिजे. इथे तो पेटूनही भाराखाली १२.५ वर बसतो. आणि सेल्फचं टक कशाने? नवी बॅटरी असूनही?

लिथियमप्रेमी, थांबा जरा. लिथियम बॅटरीचा आतला रोध फार कमी. थेट रिलेने जोडली तर ती अल्टरनेटर देईल तेवढा सगळा करंट ओढत राहते, तासन्‌तास. ट्युब्युलर निदान भरत आली की हात आखडता घेते. जुना अल्टरनेटर, ट्रॅफिकमध्ये रेस कमी, पंखाही हळू फिरतोय, अशात पूर्ण भार म्हणजे गुंडाळी भाजली. लिथियम लावायची तर मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. आधी गाडी तर चार्ज होऊ दे.

सडाफटिंग, आता हे मोजा. इंजिन चालू, रेस देऊन उडी मारून घ्या, मग हेडलाईट, वायपर, पंखे, मागची बॅटरी सगळं चालू. कुणालातरी ॲक्सिलरेटरवर थोडा पाय ठेवायला सांगा. आणि:

अल्टरनेटरचा बी प्लस आणि अल्टरनेटरचंच लोखंडी अंग, यांच्यात किती?
बी प्लस आणि बॅटरीचा प्लस, यांच्यात किती?
अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचा मायनस, यांच्यात किती?

मल्टिमीटरच्या वायरी पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब. ओढणी, मफलर, सैल बाही काही नको. मी एकदा स्वतःची वायर बेल्टमध्ये दिली आहे, मल्टिमीटरसकट.

डिझेलआजोबा | ९ जुलै, दुपारी ४:३०

मीटरवाली ताई, माझी परीक्षा चुकीची असेल. डिझेलचं म्हणणं बरोबर आहे, कधी विचार केला नव्हता. पण एक विचारतो. सडाफटिंग, ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागते का? किंवा क्लचची? सेल्फ मारताना केबिनमध्ये प्लास्टिक जळल्याचा वास?

१९८० च्या सुमारास माझ्या मालकाच्या ट्रकला असंच टक व्हायचं. दोन सेल्फ बदलले. मग एकदा रात्री सेल्फ मारताना बघितलं तर ॲक्सिलरेटरची केबल लालबुंद.

सडाफटिंग | ९ जुलै, रात्री १०:२०

आजोबा, पाय कुठे आहेत तुमचे?

ॲक्सिलरेटर केबलचं वरचं काळं आवरण इंजिनजवळ वितभर वितळलंय. मेणबत्तीसारखं ओघळून पुन्हा गोठलेलं. मला वाटायचं सायलेन्सरच्या आचेने झालं असेल. पण सायलेन्सर दुसऱ्या बाजूला आहे!

मीटरवाली ताई, तुमचे आकडे. बायकोने ॲक्सिलरेटर धरला, मी टॉर्च लावून खाली:

बी प्लस ते अल्टरनेटरचं अंग: १४.२
बी प्लस ते बॅटरी प्लस: ०.२५
अंग ते बॅटरी मायनस: १.४

तिसरा आकडा तीनदा मोजला. शून्याच्या जवळ यायला हवा ना?

मीटरवाली | ९ जुलै, रात्री १०:३५

सापडला. वजाबाकी करा: १४.२ मधून ०.२५ आणि १.४ गेले, उरले १२.५५. बॅटरीवर तुम्हाला तेवढेच दिसत होते. तुमचा डायनॅमो बिचारा एकदा पेटला की पहिल्या दिवसापासून १४.२ देतोय. तो टेबलावर पास व्हायचा कारण टेबलाला स्वतःची अर्थ आहे. नापास गाडीची अर्थ आहे.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चॅसिसपासून विजेच्या दृष्टीने वेगळं. बॅटरीचा मायनस चॅसिसला. या दोघांना जोडणारी तांब्याची एक पट्टी असते, इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चॅसिसपर्यंत. चार्जिंगचा सगळा करंट आणि सेल्फचाही सगळा करंट तिच्यातून परत येतो. सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर मागतो. पट्टी गंजली की तो करंट दुसरी वाट शोधतो, आणि इंजिन ते केबिन अशी लोखंडी वाट म्हणजे ॲक्सिलरेटरची केबल. आजोबांना माझा साष्टांग नमस्कार.

भाराखाली तो तिसरा आकडा ०.२ च्या आत हवा. १.४ म्हणजे भोक पडलेली बादली.

दहाअकरापाना | ९ जुलै, रात्री १०:४८

खात्री करायला पट्टी शोधायचीही गरज नाही. जंपर केबल असेल ना? एक सुटी केबल घ्या, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनच्या रंग नसलेल्या जाड लोखंडाला. हेडलाईट चालू ठेवून बघा.

आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा, लोकांना दाखवायला बरा पडतो.

सडाफटिंग | १० जुलै, सकाळी ७:३०

रात्री साडेअकराला सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं. वॉचमन काकांनी टॉर्च धरला. चिमटा इंजिनला टेकला त्या क्षणी समोरच्या भिंतीवरचा हेडलाईटचा पट्टा पिवळ्याचा पांढरा झाला. वॉचमन काका म्हणाले, "आयला, लाईट आली."

बॅटरीवर १३.९. सगळा भार चालू असताना.

मग आडवा होऊन पट्टी शोधली. गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तांब्याची विणलेली पट्टी, पण तांबं दिसतच नाही, हिरवा गंज आणि वर काळं ऑईल. निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या. आणि चॅसिसच्या बाजूचा बोल्ट... कॅम्पर करताना मी गाडी खालून गंजरोधक काळ्या रंगाने मारून घेतली होती. पेंटरने पट्टी सोडवली, रंग मारला आणि पट्टी रंगावर परत बसवली. पैसे देऊन मीच लावून घेतलेला रोग.

डिझेलआजोबा | १० जुलै, सकाळी ७:४०

पेंटरला दोष देऊ नका. त्याला रंग मारायला सांगितला, त्याने मारला.

कोल्हापुरी_कटआऊट | १० जुलै, सकाळी ९:१०

आमच्याकडं उद्यमनगरात हे रोजचं आहे भावा. बॉडी बिल्डरकडनं गाडी आली की आधी अर्थिंग बघायचं, मग बाकीचं.

पट्टी करताना सांगतो तसं करा. ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची विणलेली पट्टी किंवा वेल्डिंगची लवचिक केबल घ्या, दोन्ही टोकांना तांब्याचे थिंबल दाबून घ्या, हातोडीनं ठोकून नव्हे, प्रेसनं. चॅसिसवर बोल्टभोवती पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. दातेरी वॉशर टाका. आवळल्यावर वरनं पेट्रोलियम जेली. आधी जेली आणि मग बोल्ट असं करू नका, लोक करतात. थोडी सैल सोडा, इंजिन हलतंय.

जमलं तर इंजिनपासनं थेट बॅटरीच्या मायनसला दुसरी केबल टाका. चॅसिसवर भरवसा कशाला?

दुसरं, सुमो, बोलेरो असल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत डायनॅमोच्या पाठीला ब्रेकचा व्हॅक्युम पंप असतोय. त्याचं सील गेलं की ऑईल डायनॅमोत उतरतंय, कार्बन चिकट होतोय आणि चार्जिंग थांबतंय. धागा वाचणाऱ्यांपैकी कुणाची तसली गाडी असेल तर डायनॅमो उतरवून नुसती गाडी हलवायला जाऊ नका, ब्रेक दगडासारखा लागतोय.

सडाफटिंग | १० जुलै, सकाळी ९:२५

माझ्यात पंप वेगळा आहे, बघितलं. नाना पेठेत जाऊन पट्टी आणि थिंबल घेतो.

नवखी_भटकंती | १० जुलै, दुपारी १२:०५

खूप शिकतेय. एक बाळबोध शंका. आमच्या गाडीची बॅटरी तीन दिवस उभी राहिली की मरते, पण चार्जिंग १४.१ आहे. तेही अर्थिंगच का?

मीटरवाली | १० जुलै, दुपारी १:३०

नाही, तुमचं गळतीचं आहे. सगळं बंद, दरवाजे बंद, दहा मिनिटं थांबा. बॅटरीचा मायनस सोडवून मध्ये मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावा. तीस ते पन्नास मिलिअँपिअर चालतं. त्याहून बरंच जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, आकडा जिथे पडेल तो चोर. मल्टिमीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज जाईल.

सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही तर आधी मल्टिमीटर बाजूला करून मायनस सोडूनच ठेवा, मग अल्टरनेटरची जाड वायर सोडवा, टोक चिंधीत गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आता उतरला तर आतला डायोड गळतोय. डायोडची दुसरी खूण: सगळं जोडून इंजिन चालू ठेवा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड गेला. कधी रेडिओत इंजिनच्या तालावर शिट्टी ऐकू येते, तीही तीच.

फ्रँकफुर्टकर | १० जुलै, दुपारी ३:५०

सडाफटिंग, पलंगाखालच्या ट्युब्युलर बॅटरीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. ती पाण्याची बॅटरी आहे. चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि बारीक आम्लाचा फवाराही. तुम्ही तिच्यावर झोपता, खिडक्या पावसामुळे बंद, शेजारी शेगडी. तिला झाकणाचा खोका करा आणि खोक्याच्या वरच्या भागातून नळी गाडीबाहेर काढा. हायड्रोजन वर जातो, नळी तळाला लावून उपयोग नाही.

आणि मागची वायर किती जाड आहे?

सडाफटिंग | १० जुलै, सायंकाळी ६:१५

वायर ६ स्क्वेअर एमएम, घरातल्या वायरिंगची. जायला पाच मीटर, यायला पाच.

झोपण्याचं वाचून बायकोने धागा हातातून घेतला आणि पूर्ण वाचला. खोका उद्याच होतोय.

मीटरवाली | १० जुलै, सायंकाळी ७:००

दहा मीटर तांबं, ६ स्क्वेअर एमएम, म्हणजे साधारण ०.०२९ ओहम. तीस अँपिअरला पाऊण व्होल्टच्या वर वायरीतच गेला. मागची बॅटरी १३ च्या आसपास राहून फार सावकाश भरणार, प्रवासात बहुधा अर्धपोटीच राहणार, आणि अर्धपोटी लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य पटकन संपतं. २५ स्क्वेअर एमएम टाकलीत तर तूट पाव व्होल्टच्या आत येते. दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरात एकेक फ्यूज. वायर दोन्हीकडून जिवंत आहे, एकाच टोकाला फ्यूज लावून भागत नाही.

रिलेही बदला. चावीवर ओढणारा रिले सेल्फ मारताना दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच ठेवतो, मग सेल्फचा करंट त्या बारीक वायरीतून मागून यायला बघतो. व्होल्टेज बघून चालणारा रिले मिळतो, १३.३ च्या आसपास जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो. तुमच्या जुन्या १२.५ मध्ये तो जोडलेला राहिलाच नसता, आणि आजार महिनाभर आधी कळला असता.

लिथियमप्रेमी | १० जुलै, रात्री ८:१०

किंवा छतावर दोनशे वॅटचं सोलर.

हर्णैचा | १० जुलै, रात्री ८:१४

जुलैत? कोकणात?

सडाफटिंग | १२ जुलै, रात्री ११:३०

झालेलं काम: अर्थची नवी पट्टी, शिवाय इंजिन ते बॅटरी थेट दुसरी केबल. मीटरमध्ये तीन वॅटचा जुना पद्धतीचा बल्ब. मागे २५ ची वायर, दोन फ्यूज, नवा रिले. बॅटरीला प्लायचा खोका, आतून आम्लरोधक रंग, वरून नळी बाहेर. ॲक्सिलरेटरची केबल नवीन. वितळलेली जुनी मी जपून ठेवली आहे, कुणी पुण्यात असेल तर दाखवीन.

चावी फिरवली की लाल दिवा आता ठसठशीत लागतो आणि इंजिन चालू झालं की लगेच विझतो. रेस न देता १३.८. सगळा भार लावून, थोडी रेस देऊन, १३.९. अंग ते बॅटरी मायनस: ०.०८.

सगळा खर्च वायर-पट्टी-रिले धरून पाच हजारांच्या आत, त्यात बल्ब दहा रुपयांचा. वाया गेलेली बॅटरी, कार्बन, कटआऊट आणि दोन मजुऱ्यांचा हिशेब बायकोने वेगळ्या कागदावर लिहिला आहे. तो इथे देत नाही.

दहाअकरापाना | १२ जुलै, रात्री ११:४२

जुनी बॅटरी टाकली नाहीत ना? तिला काहीच झालं नसणार. चार्जरवर रात्रभर लावा आणि बघा.

सडाफटिंग | १२ जुलै, रात्री ११:५०

नव्याच्या बदल्यात दुकानदाराला देऊन टाकली. आठशे रुपये वजा केले म्हणाला. गप्प बसा आता.

हर्णैचा | १९ जुलै, सकाळी ९:०५

ताजी खबर. काल रात्री मुसळधार पावसात गाडी आली, हेडलाईट लांबूनच दिसले. सकाळी मुद्दाम मी आणि चौघे ढकलायला गेलो. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या, त्यांनीच चावी मारली, पहिल्या झटक्यात चालू. आम्हाला उगाच चहा पाजला.

मीटरवाली | १९ जुलै, सकाळी ९:२०

फ्रीज चालू ठेवून रात्री किती उतरली मागची? सकाळचा आकडा सांगा.

सडाफटिंग | १९ जुलै, सकाळी ९:५८

१२.४. फ्रीजमध्ये सुरमई होती, रात्रभर घट्ट राहिली.